नानांचे व्याही

पहिल्या भेटीत नानांनी मला पाणी दिलं, चहा दिला, आणि चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत विचारलं, "घर स्वतःचं का भाड्याचं?"

"स्वतःचं."

"कितवा मजला?"

"तिसरा."

"लिफ्ट?"

"आहे. म्हणजे, कधी कधी असते."

नानांनी मांडीवरच्या वहीत काहीतरी लिहिलं, ओळीखाली रेघ मारली आणि वही मिटली. मी काही कुणाला मागणी घालायला गेलो नव्हतो. पोराच्या हट्टापायी कारवानी कुत्र्याचं एक पिल्लू मागायला गेलो होतो. पण घरी आल्यावर बायकोनं "काय म्हणाले?" म्हणून विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून स्थळ पाहून आलेल्या पोराच्या बापाचं उत्तर निघालं: "कळवतो म्हणाले."

नाना रिटायर्ड तलाठी. शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीला, न्हावऱ्याच्या रस्त्यावर त्यांचं तीन एकर रान आहे. एक विहीर, लिंबाची बाग आणि नऊ कुत्री. सरकारी नोकरीत तीस-पस्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या वारसनोंदी केल्या, फेरफार ओढले, बांधाच्या भांडणात पंचनामे केले. नोकरी सुटली, पण नमुने सुटले नाहीत. गाव नमुना सहाच्या धर्तीवर त्यांनी कुत्र्यांची फेरफार नोंदवही केली आहे. प्रत्येक कुत्र्याचा आपला स्वतंत्र उतारा: आई, बाप, आजी, आजा, जन्मतारीख, लशी, आजार, आणि शेवटच्या रकान्यात 'इतर हक्क'. त्या रकान्यात 'सोफ्यावर बसण्यास मुभा, फक्त पावसाळ्यात' अशी नोंद मी स्वतः वाचली आहे.

पहिली कारवानी या घरात आली ती नानांच्या लग्नात. काकूंचं माहेर जतचं. त्या भागात मुलीबरोबर पाठराखीण म्हणून कुणी आत्या-मावशी येते. काकूंबरोबर पिवळसर रंगाची, हरणासारख्या पायांची एक कुत्री आली. लग्नाच्या बैठकीत सासऱ्यांनी नानांना पगार विचारला नाही, शेती किती ते विचारलं नाही. विचारलं एवढंच, "पळायला जागा आहे का?" नानांना वाटलं, हा नवरदेवाला टोमणा आहे. ते घाबरून "आहे" म्हणाले. प्रश्न कुत्रीसाठी होता हे त्यांना वरातीत कळलं. ती कुत्री गेल्याला आता कितीतरी वर्षं झाली, पण आजही दारात येणाऱ्या प्रत्येक माणसाला नाना तोच प्रश्न विचारतात. फक्त त्याच्या मागेपुढे त्यांनी आणखी चाळीस प्रश्न जोडलेत.

कारवानी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, त्याच्यामागे एकदम आत गेलेलं पोट आणि मोजून घ्याव्यात अशा बरगड्या. धावायला लागली की जमिनीला पाय लावते ते फक्त उपकार म्हणून. अंगावर केस लांब असले की तिला पश्मी म्हणतात. केनेल क्लबच्या दप्तरी ही कॅराव्हान हाउंड. कृष्णा ओलांडून मुधोळात गेलं की हिलाच मुधोळ हाउंड म्हणतात. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ हे नाव आलं, आणि नाना आठ दिवस कुणाशी नीट बोलले नाहीत. मुधोळच्या राजेसाहेबांनी, मालोजीराव घोरपड्यांनी, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला या कुत्र्यांची जोडी भेट दिली होती असं सांगतात. गावात कुणी अभिमानानं तो विषय काढला की नाना मान हलवतात. "द्यायला नको होती. घर कुठं पाहिलं होतं त्यांनी?"

या कुत्र्यांकडं पाहून शिरूरचा प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलतो: "नाना, जरा खायला घालत जा की." सुरुवातीला नाना समजावून सांगत. पळणारा जीव आहे, शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच पाहिजेत, वगैरे. आता ते बोलणाऱ्याच्या पोटाकडं बघतात आणि गप्प राहतात.

नानांकडून पिल्लू नेलेल्या माणसाला नाना 'गिऱ्हाईक' म्हणत नाहीत, 'व्याही' म्हणतात. कुत्री व्याली की नाना व्याही शोधायला लागतात, असा एक विनोद आमच्याकडं आहे. तो नानांना आवडत नाही, कारण तो खरा आहे. टाकळी हाजीला एक व्याही आहेत, निमोण्याला एक, पाबळला दोन. पिल्लू देऊन टाकलं, पैसे घेतले, विषय संपला, असं नानांच्या बाबतीत होत नाही. सहा महिन्यांनी, दिवसाच्या कुठल्याही वेळी, न कळवता ते तपासणीला येतात. त्यांच्या जुन्या एम-एटीचा आवाज रस्त्यावरून ऐकू आला की टाकळीचे व्याही कुत्र्याच्या गळ्यातली साखळी काढून धान्याच्या कणगीत टाकतात. नागपंचमीला माहेरवाशिणी बोलावल्यासारख्या सगळ्या कुत्र्या चार दिवस नानांच्या रानात येतात. परत जाताना प्रत्येकीच्या उताऱ्यावर वजनाची नोंद होते, आणि वजन वाढलेलं असलं तरी व्याह्याला बोलणं बसतं, कमी असलं तरी बसतं.

पण हे सगळं नंतरचं. आधी व्याही व्हायला पाहिजे ना! तिथंच बहुतेकांचं गाडं अडतं. माझा निकाल लागेपर्यंतच्या चार महिन्यांत मी दर रविवारी नानांकडे जाऊन बसायचो (आपला नंबर मागे पडू नये म्हणून), आणि माझ्या डोळ्यांदेखत किती स्थळं नापास झाली!

पुण्याहून एक साहेब आले. चिंचणीच्या धरणाकडे त्यांचं फार्महाउस. मोठी जागा, कंपाउंड, सगळं. "आम्ही दर वीकेंडला येतो," साहेब म्हणाले. नाना म्हणाले, "मग सोमवार ते शुक्रवार तिनं शेपूट कुणाकडं बघून हलवायची?" "वॉचमन आहे ना." "मग वॉचमनला पाठवा. त्याच्याशी बोलतो."

रांजणगावच्या एमआयडीसीतला एक तरुण इंजिनियर बायकोच्या वाढदिवसाला सरप्राइज म्हणून पिल्लू न्यायला आला. नानांनी त्याला केक न्यायला सांगितलं. "केक दुसऱ्या दिवशी संपतो. हे बारा-तेरा वर्षं चालतं."

एक बैलगाडा मालक आले. शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून आमच्या भागात या मंडळींच्या बोलण्यात वजन आलं आहे. गळ्यात चेन, मागं चार पोरं. त्यांना कारवानी पाहिजे होती ती सशामागं सोडायला. नानांनी आधी त्यांच्या खिलारांची चौकशी केली. कुठल्या खोंडाची पैदास, आई कुणाची, खुराक काय. मालकांनी तीन पिढ्या घडाघडा सांगितल्या. नाना खूश झाले. दोघांचा रंग असा जमला की मला वाटलं, आता पिल्लू गेलं. मग नाना म्हणाले, "बैलाचं एवढं कळणाऱ्या माणसाला सशाच्या शिकारीला बंदी आहे हे कळत नाही? बाहत्तर सालापासून कायदा आहे. वनखातं तुम्हाला नेईल ते नेईल, माझ्या पोरीला साक्षीला उभं करतील."

पण नानांचा खरा कस लागला तो जोडी मागायला आलेल्या माणसापुढं. त्याला एकाच वेतातले नर-मादी हवे होते, घरच्या घरी धंदा करायला. पैसे रोख. वर तो शिकलेला; 'लाईन ब्रीडिंग' वगैरे शब्द त्याच्या तोंडात होते. नानांनी त्याला विचारलं, "थोरल्या पोराचं लग्न झालं का?"

"गेल्या वर्षी."

"देवक पाहिलं होतं?"

"पाहिलं म्हणजे? एक स्थळ सगळं जमलं होतं, पण देवक एकच निघालं. मोडलं."

"मग माझ्याकडं सख्ख्या भावा-बहिणीची सोयरीक कशी मागताय?"

"अहो नाना, ती कुत्री आहेत!"

"म्हणून तर. त्यांना नाही म्हणता येत नाही."

तो माणूस गेला, आणि नाना बराच वेळ वहीत काहीतरी लिहीत बसले. मी डोकावून पाहिलं. 'अर्जदाराचा अर्ज निकाली काढला.'

नानांचं आणि कायद्याचं नातं हा वेगळा विषय आहे. २०१७ साली केंद्र सरकारनं कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम काढले. ते वाचून या देशात आनंद झालेला मला माहीत असलेला एकमेव माणूस म्हणजे नाना. पिल्लू ८ आठवड्यांचं झाल्याशिवाय आईपासून तोडून विकायचं नाही. कुत्री १८ महिन्यांची होईपर्यंत तिला नर दाखवायचा नाही. वर्षात एकच वेत, आयुष्यात पाच, आणि आठव्या वर्षानंतर बंद. पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करायची आणि दप्तर ठेवायचं. 'दप्तर' या शब्दावर नानांचे डोळे पाणावले म्हणतात. "तलाठ्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी काढतात, कुत्रीला आठव्या," ते म्हणाले. "पहिल्यांदाच सरकारनं आमच्याकडं एका नजरेनं बघितलं." नोंदणीचा फॉर्म घेऊन ते एका कचेरीत गेले, तेव्हा तिथल्या बाबूनं विचारलं, "गाय का म्हैस?" नाना तिथून परत आले, फॉर्मची आणखी एक प्रत काढली, सोबत नियमांची प्रत जोडली, ओळींखाली लाल रेघा मारल्या आणि पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला बाबूनं त्यांना 'सर' म्हटलं.

आणि हे सगळं चाललेलं असताना हमरस्त्यावर, गाडीच्या डिकीत, खोक्यातून पिल्लं विकणारे आहेतच. 'डबल बोन', 'हेवी बोन', 'शो क्वालिटी', आणि सगळ्यांत लाडका शब्द, 'पेपरवालं'. डोळे जेमतेम उघडलेलं, महिन्याचं पिल्लू. दुधाची सवय तुटलेली नाही. आठवडाभरात पार्वो झालं की डॉक्टरांच्या दारात ही रांग. आमच्या सोसायटीत एकानं असाच हस्की आणला. शिरूरला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तो कुत्रा दिवसभर बाथरूमच्या फरशीवर पडून असतो आणि मालक लोकांना सांगतो, "शांत स्वभावाचा आहे." कागदांचं नानांना वावडं नाही; तीन पिढ्यांची नावं असलेली चेन्नईच्या केनेल क्लबची प्रमाणपत्रं त्यांच्या ट्रंकेत ढिगानं आहेत. पण कुणी 'पेपर आहेत का' एवढंच विचारलं, की नाना त्याला उठवतात. "कागदावर बाप कळतो," ते म्हणतात. "बाप चावतो का, ते माझ्याकडं येऊन बघावं लागतं." आणि खरोखर ते आई-बाप दोघांना समोर आणून बसवतात, मग पाहुण्याला म्हणतात, "आता तुमचे?"

बिबट्याचा विषय निघाला की मात्र नानांची थट्टा बंद होते. पिंपरखेड, जांबूतच्या बाजूला उसात बिबट्या राहतो, म्हणजे अगदी खातेदारासारखा राहतो. माणसं दगावली, लेकरं दगावली. बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जायला लागल्या. तिकडून येणाऱ्याला कुत्रा हवा असतो तो राखणीला, आणि रात्री तो गोठ्याबाहेर बांधलेला असतो. अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्याच्या विष्ठेची तपासणी केली होती. २०१४ मध्ये ते छापून आलं. त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. नानांनी हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. "राखणीला नेताय का त्याच्या ताटात वाढायला?" असं विचारून ते लोकांना परत पाठवत नाहीत, रात्रीचा बंद जाळीचा खुराडा कसा बांधायचा त्याचा नकाशा काढून देतात, स्केलवर, उत्तर दिशा दाखवून. जाळी बांधून झाली की फोटो, मग पाहणी, मग पिल्लू. कवठे येमाईच्या एका शेतकऱ्यानं अशी खोली बांधली, ती बघून त्याच्या बायकोनं शेळ्याही तिथंच घातल्या. नाना म्हणाले, "कुत्रीमुळं शेळ्या वाचल्या. याला राखण म्हणतात."

माझी स्थळपाहणी आषाढात झाली. नाना सकाळी सात वाजता आले आणि गॅलरीत दोन तास बसून राहिले, ऊन कुठून कुठं सरकतं ते बघायला. पोराला त्यांनी पाच प्रश्न विचारले, बायकोला एक ("तुमची इच्छा आहे का यांचीच?"), आणि मला एकही नाही. मग त्यांनी मजल्यावरच्या शेजाऱ्यांना फेरफाराच्या नोटिशीसारखी पंधरा दिवसांची मुदत दिली: कुणाची हरकत असल्यास कळवावी. तीन हरकती आल्या. एक माझ्या स्कूटरच्या पार्किंगबद्दल, एक माझ्या टीव्हीच्या आवाजाबद्दल, आणि एक २०१९ च्या गणपतीच्या वर्गणीबद्दल. कुत्र्याबद्दल एकही नाही. नानांनी तिन्हींची सुनावणी घेतली.

निकाल गणपतीच्या सुमाराला लागला. "तुमच्या पोराला कुत्रा पाहिजे," नाना म्हणाले. "कारवानी तुम्हाला पाहिजे. मोबाइलवर फोटो लावायला." मी काही बोलायच्या आत त्यांनी शबनम पिशवीतून एक काळं-पांढरं, एक कान उभा आणि एक पडका असलेलं गावठी पिल्लू काढून माझ्या पोराच्या मांडीवर ठेवलं. तहसील कचेरीच्या आवारात व्यालेल्या एका भटकीचं. लशी झाल्या होत्या, जंतांचं औषध झालं होतं, ऑपरेशनची तारीखही ठरली होती. उताराही तयार होता. 'बाप: माहिती नाही. आई: तहसील कचेरी.'

करारही झाला. नानांचा करार पूर्वी शंभराच्या स्टॅम्पवर व्हायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारनं शंभराचा पाचशे केला, तेव्हा नानांनी पिल्लाची किंमत वाढवली नाही, पाचशेची किंमत वसूल व्हावी म्हणून सहा कलमं वाढवली. दिवसभर साखळीला बांधणार नाही. कान, शेपूट कापणार नाही. नानांना विचारल्याशिवाय विणीला लावणार नाही. कारवानीच्या अंगावर चरबी नसते, भूल उतरायला वेळ लागतो, सबब ऑपरेशनपूर्वी डॉक्टरांस हे कलम वाचून दाखवावे. आणि शेवटचं, ठळक अक्षरांत: 'काही कारणाने नकोशी झाल्यास रस्त्यावर न सोडता, कोणाला न देता, केव्हाही, रात्री-अपरात्रीसुद्धा, माझ्या दारात आणून सोडावी. कारण विचारले जाणार नाही.'

सह्या चालल्या होत्या तेव्हा काकू चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता, कुणाला असं नाही, म्हणाल्या, "पोरीच्या वेळी एका बैठकीत उरकलं. रांजणगावच्या देवळात. जावई काय करतो तेवढं विचारलं. काय पितो ते राहिलं." नाना वहीत बघत बसले. मला काय बोलावं कळेना, म्हणून मी करारातलं एक कलम पुन्हा वाचलं.

त्यांची मुलगी दौंडला दिली आहे. दिवाळीनंतर एका सकाळी नानांचा फोन आला. दौंडला जायचंय, साक्षीदार म्हणून या, आधार कार्ड घ्या. एम-एटीनं नव्हे, गाडी करून गेलो. मागच्या सीटवर माझ्या शेजारी साडेतीन वर्षांची एक तांबूस कारवानी मादी, नानांच्या घरातली सगळ्यांत देखणी, खिडकीबाहेर बघत बसलेली. एवढ्या मोठ्या कुत्रीला नाना कधीच कुणाला देत नाहीत. भीमा ओलांडेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिच्या आईबरोबर बी एक आली होती."

जावई घरी होते. सकाळचे अकरा वाजले होते आणि डोळे लाल होते. नानांनी त्यांना जागा विचारली नाही, लिफ्ट विचारली नाही. मुलीनं कुत्रीच्या गळ्यात हात टाकला आणि तिथंच जमिनीवर बसली. नानांनी पाचशेचा स्टॅम्प टीपॉयवर ठेवला, पेन ठेवलं. जावयांनी सगळी कलमं सावकाश वाचली. शेवटच्यावर येऊन थांबले. पुन्हा वाचलं. मग नानांकडं बघितलं, मग बायकोकडं.

"हे कलम," त्यांनी विचारलं, "कुत्रीचंच ना?"

"सही करा," नाना म्हणाले.